उथळ पाण्याचे वैभव

‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. उथळपणा हा दोष होय, असाच तिचा आशय. परंतु शरद ऋतूतील एखाद्या प्रभाती नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाकाठी उभे राहिले, म्हणजे उथळ पाण्याच्या अंगीही केवढी थोरवी असते, याचा प्रत्यय येतो.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांचा संगम झाला आहे. तेथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी शेतीला पाणी देण्यासाठी बंधारा बांधण्यात आला. प्रतिवर्षी पुराबरोबर गाळ येऊ लागला व बंधाऱ्यामागे साचत गेला. जलाशयाची खोली घटली. पाणी साठविण्याच्या दृष्टीने ही हानीच झाली. पण त्याच गाळाची बेटे बनली, त्यांवर लव्हाळे माजले, भोवती दलदल पसरली आणि शेवाळ, किडे, गोगलगाई व मासे यांची समृद्धी झाली. माणसाचे जे उणे झाले, ते पाखरांचे दुणे झाले.

आश्विन सरून कार्तिक लागला, की येथे पक्ष्यांची दाटी होऊ लागते. पहाटेचे धुके विरळ होताच काठापासून खोल पाण्यापर्यंत जणू एक पंगतच बसलेली दिसते. ओल्या चिखलात धोबी शेपटी वरखाली हालवीत किडे टिपत असतो. घोटाभर पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर डौलाने चालतो. जरा पुढे चमच्या आपली पसरट चोच अर्धवट उघडून पाण्यात डावीउजवीकडे फिरवितो; भक्ष्याचा स्पर्श झाला, की ती चटकन मिटते. मुग्धबलाक गोगलगाई शोधीत असतो. कमळपक्षी लांबच लांब बोटांच्या आधाराने तरंगत्या पानांवरून चालत जातो. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडांना फणीसारखे दाते असतात. त्यांतून तो पाणी गाळून टाकतो व बारीक अन्न तेवढे ठेवून घेतो. तलवार बदक शेपटी आकाशाकडे करून मान तळापर्यंत नेते. पलीकडे खोल पाण्यात पाणकावळा बुडी मारून मासा पकडतो आणि मग पंख पसरून ते उन्हात वाळवीत बसतो. प्रत्येकाचे पाय निराळे, चोच निराळी, म्हणून प्रत्येकाचे पानही निराळे. एकाच तळ्यावर इतके पक्षी नांदतात, त्याचे रहस्य हे आहे.

यांतील शेकाट्या, मुग्धबलाक इत्यादी पक्षी आपल्याच देशात वीण करतात. थापट्या व तलवार बदक हे मात्र उत्तरेकडील पाहुणे. केवळ थंडीच्या भयाने ते येथे येतात असे नव्हे. दाट पिसांचे पांघरूण त्यांना असतेच. तिकडील तळी गोठतात, अन्न बर्फाखाली दडते आणि भूक त्यांना दक्षिणेची वाट धरावयास लावते. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून भारतात उतरतो. अशा दीर्घ प्रवासात ठिकठिकाणची पाणथळ स्थळे म्हणजे त्यांच्या धर्मशाळाच होत. एक धर्मशाळा मोडली, तर तिच्या आशेवर आलेल्या भुकेल्या प्रवाशाने जावे कोठे?

म्हणूनच या स्थळाचे रक्षण महत्त्वाचे ठरते. १९८६ साली येथे अभयारण्य स्थापन झाले. पाणथळ स्थळांच्या रक्षणासाठी १९७१ साली इराणमधील रामसर या गावी एक आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्याच्या यादीत नांदूरमध्यमेश्वरचा समावेश झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये घोषित झाले. हा मान मिळविणारे महाराष्ट्रातील हे पहिलेच स्थळ होय.

तथापि मानाने पक्ष्यांचे पोट भरत नाही. त्यांना योग्य खोलीचे पाणी हवे. पाणी फार चढले, तर चिखलात वेचणाऱ्यांचे ताट बुडते. ते अगदी आटले, तर बदकांना सुरक्षित आसरा उरत नाही. सारा गाळ उपसावा, तर पंगतच उठते. उलट शेतकऱ्याच्या पिकालाही याच बंधाऱ्याचे पाणी हवे असते. दोघांचीही गरज खरी आहे. तिचा मेळ घालणे हे शहाणपणाचे व चिकाटीचे काम आहे.

पक्षी पाहावयास जाणाऱ्याचाही त्यात अल्पसा वाटा आहे. सूर्य पाठीशी घ्यावा, मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि निःशब्द उभे राहावे. घाबरून उडालेल्या प्रत्येक पक्ष्याची पोटात साठविलेली शक्ती व्यर्थ खर्ची पडते. आणि फाल्गुन-चैत्रात परतीची वाट धरताना त्याला तीच शक्ती हवी असते. दुरून आलेल्या पाहुण्याला सुखाने जेवू देणे, हाही आतिथ्यधर्मच आहे.