भावाच्या रेषेवरील ठळक टप्पा

कांद्याच्या व्यापारात नाशिक जिल्ह्याचे स्थान सर्वश्रुत आहे. निफाड तालुक्यातील लासलगाव येथील बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. तेथे लिलावात निघणाऱ्या भावाकडे देशभरातील उत्पादकांचे व व्यापाऱ्यांचे लक्ष असते. प्रत्येक दिवसाचे किमान, कमाल व सर्वसाधारण दर क्विंटलमागे नोंदले जातात आणि राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर ते कोणासही पाहता येतात. हे आकडे आता अनेक ठिकाणी संगणकाच्या डॅशबोर्डवर रेषालेखाच्या रूपाने मांडले जातात. मात्र वर्षभराच्या चढउतारांनी भरलेल्या रेषेत नेमके कोठे पाहावयाचे, हे वाचकास सहज उमगत नाही. त्यासाठी रेषेचा आवश्यक तेवढा भाग ठळक करण्याची पद्धत उपयोगी पडते.

ही कल्पना नवी नाही. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात व निर्यातीच्या रेषा एकाच आलेखात काढल्या आणि त्या दोहोंमधील जागा रंगवून व्यापारातील शिल्लक दाखविली. आज तेच काम संगणक करतो.

कोणता भाग ठळक करावा?

ठळक करावयाचा भाग डोळ्यांना आकर्षक दिसतो म्हणून निवडावयाचा नसतो. आलेखाबाहेरच्या एखाद्या निश्चित घटनेवरून तो ठरावा लागतो. कांद्याच्या बाबतीत अशा तारखा उपलब्ध आहेत. केंद्र शासनाने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागू केले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली. तथापि, टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. यांपैकी बंदीचा कालखंड दाखवावयाचा असेल, तर ८ डिसेंबर २०२३ ते ३ मे २०२४ एवढाच भाग ठळक करणे योग्य होय.

संगणकावरील कृती

एकाच रेषेचा मधला तुकडा वेगळ्या रंगात रंगविण्याऐवजी मूळ रेषेवर दुसरी रेषा काढणे सोयीचे ठरते. एक्सेलमध्ये पहिल्या स्तंभात दिनांक व दुसऱ्या स्तंभात सर्वसाधारण दर लिहावा. तिसऱ्या स्तंभात असे सूत्र द्यावे की, दिनांक ठरलेल्या मर्यादेत असेल तर तोच दर यावा, अन्यथा ‘एनए’ हे मूल्य यावे. दोन्ही स्तंभ एकाच आलेखात घेऊन मूळ रेषा फिकट करड्या रंगात व दुसरी जाड, गडद रंगात ठेवावी. पॉवर बीआयसारख्या प्रणालीत हेच काम दुसरे ‘मेजर’ तयार करून होते. मर्यादेबाहेर त्याचे मूल्य रिक्त ठेवावयाचे असते. प्रारंभ व अखेर या दोन तारखा सूत्रात कोंडून न ठेवता स्वतंत्र रकान्यांत लिहाव्यात, म्हणजे टप्पा बदलणे सुलभ होते. गावोगावी आलेखाच्या काळ्यापांढऱ्या छायाप्रती जातात, हे ध्यानी घेता केवळ रंगावर न विसंबता रेषेच्या जाडीतही फरक ठेवावा.

शून्य आणि रिक्त

या कृतीत एक चूक नेहमी संभवते. मर्यादेबाहेरच्या दिवशी ‘एनए’ऐवजी शून्य लिहिले, तर ठळक रेषा थेट तळाला जाऊन टेकते आणि भाव कोसळल्याचा भास होतो. बाजार बंद असलेल्या दिवसांचीही हीच गोष्ट आहे. नाशिक जिल्ह्यातील कांदा व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबर २०२३ पासून काही दिवस लिलावांत भाग घेतला नव्हता. त्या दिवसांत भाव शून्य नव्हता. भाव निघालाच नव्हता. म्हणून त्या ठिकाणी रेषा खंडित दिसणे हेच सत्याला धरून होय.

‘केव्हा’ आणि ‘का’

ठळक रंग एखादी गोष्ट केव्हा घडली ते सांगतो. ती का घडली हे त्यावरून सिद्ध होत नाही. बंदी आली त्या सुमारास खरिपाच्या लाल कांद्याची आवकही वाढत असते आणि आवक वाढली की भाव उतरतो. त्यामुळे त्या काळातील सर्व उतार बंदीच्या नावे लिहिणे जसे चूक, तसेच तो सारा आवकेच्या नावे लिहिणेही चूक. आधीच्या वर्षांतील त्याच महिन्यांच्या रेषा व आवकेचे आकडे शेजारी ठेवले, तर दोहोंचा अंदाज घेता येतो. लाल कांदा आणि चाळीत साठविता येणारा उन्हाळ कांदा यांचे दर एकाच रेषेत मिसळू नयेत, कारण माल बदलला की भावही बदलतो. शिवाय, बंदीच्या काळातही बांगलादेश व संयुक्त अरब अमिराती यांसारख्या देशांसाठी मर्यादित निर्यातीस परवानगी मिळाली होती. तशी टीप ठळक भागाजवळ असणे इष्ट होय.

ग्रामसभेपुढील आलेख

चाळीतील कांदा आज विकावा की आणखी महिनाभर थांबावे, हा उत्पादकापुढील प्रश्न त्याच्या वर्षभराच्या श्रमांशी निगडित असतो. रेषेचा सोयीचा तेवढाच तुकडा दाखविला, तर त्याचा निर्णय चुकू शकतो. यासाठी ग्रामसभेत वा कृषी मेळाव्यात आलेख मांडताना संपूर्ण रेषा दिसेल अशी ठेवावी, ठळक भागाच्या दोन्ही तारखा व त्यामागील कारण लिहावे आणि दर कोणत्या बाजाराचा, कोणत्या प्रकारच्या कांद्याचा आहे हे नमूद करावे. शिक्षकांना हाच आलेख गणिताच्या तासाला घेता येईल. बाजाराचे आकडे मुलांनी स्वतः मांडल्यास रेषा वाचण्याची सवय त्यांना लवकर लागेल. रेषेचा एक भाग उजळताना उरलेला भाग अंधारात जाणार नाही, एवढी दक्षता घेतल्यास असा आलेख निर्णयास खरे साहाय्य करील.