निळ्या बाळांचे थॉमस

काही बाळे जन्मतःच निळसर दिसतात. हृदयातल्या दोषामुळे त्यांच्या फुफ्फुसांकडे रक्त पुरेसे पोचतच नाही. हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडली तर? बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४४ रोजी डॉ. ब्लॅलॉक यांनी हे धाडस केले. मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे, कसा, हे सांगत होते व्हिव्हियन थॉमस. मूळचे सुतार, कृष्णवर्णीय. बँक बुडाली आणि डॉक्टरकीसाठी साठवलेला पैसाही गेला. कुत्र्यांवर ही जोडणी त्यांनीच पुनःपुन्हा करून बसवली होती. ब्लॅलॉकांचा हात तिला सरावलेला नव्हता, म्हणून तर थॉमस मागे हवे होते! शस्त्रक्रियेला नाव मात्र पडले ब्लॅलॉक आणि डॉ. टॉसिग यांचे. हॉपकिन्सने थॉमसांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, ती १९७६ साली.