नित्याची उपकारस्तुति

मराठी ख्रिस्ती मंडळींत 'उपकारस्तुति' हा शब्द इतका रुळलेला आहे कीं, त्याच्या घडणीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आधीं उपकार ओळखावयाचा आणि मग स्तुति करावयाची, असा क्रम त्या शब्दांतच सांठविलेला आहे. व्यवहारांत आभार मानून मनुष्य पुष्कळदां ऋणांतून मोकळा होऊं पाहतो. उपकारस्तुति करणारा मात्र आपण देवाचे ऋणी आहों हें रोज नव्यानें कबूल करितो, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटत नाहीं.

लूकच्या शुभवर्तमानांतील दहा कुष्ठरोग्यांची कथा श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. येशूच्या सांगण्यावरून ते याजकांकडे निघाले आणि वाटेंतच शुद्ध झाले. त्यांतला एकटा माघारीं आला, आणि तोहि शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्याला परका लेखीत असा. उरलेल्या नऊ जणांस कृतघ्न म्हणून आपण मोकळे होतों. परंतु किंचित् थांबून पाहावें. जा म्हणून सांगितलें होतें, ते गेले. आज्ञाभंग कांहीं त्यांनीं केला नाहीं. याजकानें शुद्ध ठरविल्यावांचून त्यांस गांवांत पाऊल टाकतां येत नव्हतें, आणि दुरावलेलीं माणसें गांवांत होतीं. त्यांस घाई होती. चांगल्या माणसाची कृतज्ञताहि बहुधा अशा रास्त घाईंतच बुडते. म्हणून ख्रिस्ती परंपरेनें तिला मनाच्या लहरीवर न सोडतां वेळ नेमून दिली.

त्यांतली पहिली वेळ जेवणाची. प्रभुभोजनाच्या विधीचें जुनें ग्रीक नांव 'युखारिस्तिया' असें आहे, आणि त्याचा अर्थ उपकारस्तुति हाच. येशूनें भाकर हातीं घेऊन प्रथम देवाचे उपकार मानले, ती रात्र त्याला धरून नेण्याची होती, हें विसरतां कामा नये. घरोघरीं ताटावर म्हटली जाणारी दोन वाक्यांची प्रार्थना त्या विधीच्याच कुळांतली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतल्यानंतर जीं भजनें रचलीं, तीं मराठी मंडळ्यांत आजहि गाइलीं जातात. त्यामुळें या स्तुतीला आपल्या घरची चालहि लाभली आहे.

दुसरी वेळ दिवस मावळल्यावरची. लोयोलाचा संत इग्नेशियस (१४९१–१५५६) याचें 'आध्यात्मिक साधना' हें पुस्तक १५४८ सालीं रोम येथें छापलें गेलें. त्यांत आत्मपरीक्षणाच्या पांच पायऱ्या आहेत. पहिली पायरी देवाच्या उपकारांची. आपल्या पापांचा हिशेब त्यानंतर. हा क्रम मोठ्या जाणतेपणानें लावलेला दिसतो. दोषांपासून आरंभ केला तर मन एक तर खचतें, नाहीं तर सबबी शोधूं लागतें. जें मिळालें तें आधीं मोजलें म्हणजे आपली चूक कोणाच्या घरीं राहून झाली हेंहि स्पष्ट दिसतें.

मोजावयाचें कसें? 'सर्व देणग्यांबद्दल' असें मोघम म्हणणें सोपें आहे, आणि आठवड्याभरांत तें तोंडपाठ होऊन निर्जीव होतें. सकाळपासून एकेक घटका आठवावी आणि वस्तूचें नांव घ्यावें: भर उन्हांत कोणीं ओसरीवर बोलावून पाणी दिलें, मुलाचा ताप उतरला, ज्याच्याशीं बोलणें तुटलें होतें तो आपण होऊन बोलला. तीन गोष्टी पुरे. मुलांना विचारल्यास तीं चिंचेचें बोटुक सांगतील. तेंहि ऐकून घ्यावें, हंसूं नये.

या साधनेला कीडहि लागते. लूकच्याच शुभवर्तमानांत एक परूशी मंदिरांत उभा राहून देवाचे उपकार मानतो, आणि काय म्हणून? तर आपण इतरांसारखे पापी नाहीं म्हणून! शेजाऱ्याच्या उणेपणावर उभारलेली कृतज्ञता ती हीच. भरल्या घरच्या मनुष्यानें उपाशी मनुष्यास 'आहे त्यांत देवाचे उपकार मान' असें सांगणें हा तिचाच दुसरा अवतार. उपकारस्तुति स्वतःच्या तोंडून करावयाची असते. ती दुसऱ्याकडून वसूल करतां येत नाहीं.

मग ज्या घरांत प्रेत निघालें आहे तेथें काय करावें? थेस्सलनीकेच्या मंडळीस लिहितांना पौल सर्व स्थितींत उपकारस्तुति करावयास सांगतो. त्या स्थितीलाच चांगली म्हणा, असें तो तेथें सांगत नाहीं. स्तोत्रसंहितेंत तर देवाजवळ केलेल्या तक्रारी स्तुतीइतक्याच मोकळेपणानें लिहिल्या आहेत, आणि पुष्कळदां दोन्ही एकाच स्तोत्रांत आहेत.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत आयलेनबुर्ग म्हणून एक तटबंदीचें गांव आहे. मार्टिन रिंकार्ट (१५८६–१६४९) हा तेथील पाळक. तीस वर्षांच्या युद्धांत आसपासचे निर्वासित त्या तटाच्या आंत दाटले, आणि १६३७ सालीं तेथें महामारी उठली. पाळकांपैकीं तो एकटा उरला. एका दिवसांत चाळीस-पन्नास जणांस मूठमाती देण्याची पाळी त्याच्यावर येई. त्या वर्षीं त्यानें चार हजारांहून अधिक माणसें पुरलीं. त्याची बायकोहि त्यांतच गेली. मागाहून दुष्काळ पडला.

जगभरच्या मंडळ्यांत आज गाइलें जाणारें एक उपकारस्तुतीचें गीत या रिंकार्टचें आहे. पुढें राजेरजवाड्यांच्या विजयोत्सवांत तें वाजूं लागलें. तें त्याचें मूळचें स्थान नव्हे. त्यानें तें 'भोजनसमयींची लहानशी प्रार्थना' म्हणून आपल्या मुलांसाठीं लिहिलें होतें. महामारीपूर्वीं तें रचलें गेलें असावें असा अभ्यासकांचा कल आहे. तसें असेल तर बायको गेल्यावर त्या ताटांवर मुलांनीं म्हणावयाची प्रार्थना हीच. दुष्काळांत रिंकार्टनें जवळ होतें तें भुकेलेल्यांना वांटून टाकलें, आणि स्वतःच्या मुलांच्या भाकरीसाठीं पुढील वर्षांची आपली मिळकत गहाण टाकली.