भिंतीचा रंग आणि डोळ्यांचे वय

दिवाळीच्या आधी घराला रंग द्यायचे ठरते आणि शेडकार्ड घरात येते. फिक्या रंगांवरून फारसे वाद होत नाहीत. वाद रंगतो तो एखादी भिंत गडद करायची म्हटल्यावर. समजा, एका घरात शेवटी दोनच शेड उरल्या आहेत. एक गडद निळी, दुसरी कोळशासारखी राखाडी. मुलाला निळी हवी, सुनेला राखाडी. निकाल लावायला शेडकार्ड आजींपुढे जाते. आजी ते खिडकीपाशी नेतात, डोळे बारीक करून पाहतात आणि म्हणतात, ‘‘अरे, दोन्ही काळेच आहेत की. यात निवडायचं काय?’’ सगळे हसतात. मात्र आजींचे हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

दोन गडद रंगांतला फरक ओळखणे हे डोळ्यांसाठी अवघड काम आहे. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकुपेशी रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडपेशी अगदी मंद उजेडातही काम करतात, मात्र त्यांना रंग कळत नाही. चांगली पांढरी भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठवते. गडद निळी किंवा कोळशी भिंत जेमतेम ५ ते १० टक्के पाठवते. खोलीत आधीच उजेड कमी असेल तर शंकुपेशींच्या वाट्याला फारच थोडे येते आणि रंगांमधला फरक पुसला जातो.

उजेड कमी होताना आणखी एक गोष्ट घडते. भर उन्हात झळाळणारी लाल फुले तिन्हीसांजेला काळपट दिसू लागतात, त्याच झाडाची पाने मात्र तुलनेने उजळ राहतात. झेक शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान पुर्किंये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवले. त्याचे कारण असे, की दिवसा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो; अंधारात दंडपेशींचे राज्य सुरू झाले की हा बिंदू ५०७ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे निळ्याच्या दिशेने सरकतो. त्यामुळे गडद तपकिरी किंवा मरून भिंत रात्री अपेक्षेपेक्षा अधिक काळी वाटते.

दिव्याचाही यात हात असतो. पिवळसर प्रकाशाच्या, २७०० केल्व्हिनच्या बल्बमध्ये निळा प्रकाश कमी असतो. त्याखाली गडद निळी भिंत जवळपास काळी दिसते. ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली तीच भिंत निळी दिसते आणि राखाडी शेडही निळसर वाटू लागते. दोन रंग एका दिव्याखाली अगदी सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसणे, याला मेटामेरिझम म्हणतात. साडीला जुळणारा ब्लाऊजपीस दुकानाच्या दारात उजेडात नेऊन पाहण्याची जुनी सवय याच कारणाने शहाणपणाची आहे.

शेजारचा रंगही डोळ्याला फसवतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल हे पॅरिसच्या गोब्लाँ या प्रसिद्ध विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याला हवा तसा काळेपणा नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासणीत रंग उत्तम निघाला. दोष होता तो शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा, त्यांच्यामुळे काळा फिका भासत होता. शेव्हरल यांनी १८३९ मध्ये यावर मोठा ग्रंथच लिहिला. शेडकार्डाच्या पांढऱ्या कागदावरची दोन बोटांची पट्टी आणि लाकडी दाराशेजारची दहा फुटांची भिंत एकसारखी का दिसत नाही, याचे एक उत्तर यात आहे.

आता आजींच्या डोळ्यांकडे वळू. वयानुसार बाहुली लहान होत जाते आणि डोळ्यातले भिंग पिवळट होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. पिवळे भिंग निळा प्रकाश अडवते, म्हणून गडद निळा आणि काळा यांत गल्लत होते. काळ्याऐवजी निळा मोजा घालून निघालेले आजोबा वेंधळे असतीलच असे नाही. मोतीबिंदू वाढला की हा परिणाम तीव्र होतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या मोतीबिंदूच्या काळातील अनेक चित्रांत तांबूस-तपकिरी रंगांचा भर दिसतो. १९२३ मध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांची तक्रार उलटी होती: आता सगळे फारच निळे दिसते.

रंगाचा प्रश्न इथे आरोग्याचा होतो. उतारवयात केवळ अक्षरे धूसर होत नाहीत. एक पृष्ठभाग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे ओळखण्याची क्षमताही घटते. रात्री बाथरूमकडे जाणारा अरुंद बोळ, गडद भिंत, तशीच गडद चौकट आणि खाली काळ्या कडप्प्याचा उंबरठा, असे असेल तर वृद्ध माणसाला उंबरठा दिसतच नाही. ठेच लागते, तोल जातो. हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि हिंडते-फिरते माणूस अंथरुणाला खिळू शकते.

म्हणून गडद रंगांच्या बाबतीत खरा प्रश्न या दोघांपैकी कुठला हा नसून, त्याच्या शेजारी काय आहे हा आहे. रंग किती प्रकाश परत पाठवतो हे ० ते १०० या मापावर सांगता येते. काही कंपन्या शेडच्या माहितीत हा आकडा देतात. ६ आणि ९ अशा दोन गडद शेडमधला फरक घराच्या दृष्टीने किरकोळ आहे. मात्र भिंत आणि दार, भिंत आणि जमीन यांच्या आकड्यांत चांगले अंतर हवे. ब्रिटनमधील सुगम्य इमारतींसाठीचे मानक हे अंतर ३० ठेवायला सांगते. गडद भिंतीवर पांढरी चौकट, पांढरे स्विचबोर्ड आणि उंबरठ्यावर फिकी पट्टी, एवढ्यानेही बराच फरक पडतो. चकचकीत फिनिश टाळावे. त्यात दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि मोतीबिंदू असलेल्यांचे डोळे दिपतात. बोळ, जिना आणि बाथरूमकडची वाट फिक्या रंगातच ठेवावी. गडद भिंतीची हौस बैठकीच्या खोलीत भागवावी.

निवड करताना शेडकार्डावर विसंबू नये. दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन हात मारून ते पूर्ण वाळू द्यावेत, कारण इमल्शन वाळल्यावर सहसा अधिक गडद दिसते. पुठ्ठे प्रत्यक्ष भिंतीवर, दाराच्या आणि फरशीच्या शेजारी लावावेत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी ट्यूब लावल्यावर आणि रात्री झिरोच्या बल्बमध्ये पाहावेत. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला पाहायला लावावे. पती-पत्नीत रंगाच्या नावावरूनच वाद होत असेल तर दोघेही खरे बोलत असतील. लाल-हिरव्या रंगांची जन्मजात गल्लत पुरुषांत स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळते आणि अनेकांना ती स्वतःला ठाऊकही नसते.

रंग ओळखण्यात झालेला बदल हळूहळू आणि दोन्ही डोळ्यांत असेल तर बहुधा भिंगाचा प्रश्न असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांतही होते. पण बदल काही दिवसांत झाला, एकाच डोळ्याला लाल रंग फिकट दिसू लागला किंवा दृष्टी झपाट्याने कमी झाली, तर थांबू नये. दृष्टिपटलाचा किंवा दृष्टिचेतातंतूचा आजार असू शकतो. क्षयरोगासाठी एथॅम्ब्यूटॉल घेणाऱ्यांनी तर रंगांत किंचित फरक जाणवला तरी त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. या औषधाचा क्वचित डोळ्यांच्या चेतातंतूवर परिणाम होतो आणि तो वेळीच ओळखला तर दृष्टी वाचण्याची शक्यता वाढते.

त्या घरातली भिंत निळी होईल किंवा राखाडी, दोन्ही चालेल. रंगाऱ्याला बोलावण्याआधी आजींचे डोळे तेवढे तपासून घ्यावेत. आणि त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतची वाट रात्री दिवा लावून एकदा त्यांच्याबरोबर चालून पाहावी.