विश्लेषण : वीजजोडणी नसलेल्या जागी पोहण्याचा तलाव चालतो का? पाइप आणि फिल्टरचे गणित काय?

सह्याद्रीच्या पायथ्याशी शेतघर बांधणाऱ्यांच्या यादीत विहीर आणि सौर दिव्यांच्या जोडीला आता पोहण्याचा छोटा तलावही दिसू लागला आहे. खड्डा, काँक्रीट, टाइल्स ही कामे गावातला मिस्त्री करून देतो. अडचण त्यानंतर सुरू होते. पाणी भरल्यावर काही दिवसांत ते हिरवे पडते आणि मग लक्षात येते की, पाइप चुकीच्या मापाचे गाडले गेले आहेत. फरशी फोडल्याशिवाय ते बदलता येत नाहीत. वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी ही चूक दुप्पट महाग पडते, कारण पंपाला लागणारा प्रत्येक वॉट सौर पॅनेलमधूनच आणायचा असतो.

हिशेब कुठून सुरू करायचा?

पंपापासून नाही, पाण्यापासून. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल तलावात २१,६०० लिटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर, वर थोडे. उन्हाळ्यात दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर रोज ११० ते १४५ लिटरची भर घालावी लागेल. जिथे एप्रिलमध्ये गावाला टँकर येतो, तिथे तलाव बांधावा का, हा प्रश्न प्लंबरच्या आधी स्वतःला विचारलेला बरा.

शहरातल्या तलावांत सगळे पाणी साधारण सहा ते आठ तासांत एकदा फिल्टरमधून जाईल, अशी व्यवस्था असते आणि पंप बराच वेळ चालू ठेवता येतो. बॅटरीशिवाय थेट सौर पॅनेलवर चालणाऱ्या पंपाला चांगले ऊन मिळते ते पाचेक तास. त्यामुळे त्याच वेळेत एक फेरी पूर्ण करायची, तर तासाला सुमारे ४,३०० लिटर, म्हणजे मिनिटाला ७२ लिटर पाणी फिरायला हवे. ‘एक फेरी झाली म्हणजे सगळे पाणी गाळले गेले’ हा मात्र गैरसमज आहे. गाळलेले पाणी न गाळलेल्या पाण्यातच मिसळत राहते. त्यामुळे एका फेरीत जेमतेम ६३ टक्के पाणी फिल्टरमधून जाते, दोन फेऱ्यांत ८६ टक्के. रोज एक फेरी ही घरच्या माणसांपुरती किमान सोय आहे. पर्यटकांसाठी तलाव असेल, तर ती पुरणार नाही.

पाइप जाड का हवा?

सारा खेळ इथेच आहे. मिनिटाला ७२ लिटर पाणी ५० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपातून सेकंदाला पाऊण मीटर वेगाने जाते. तेच पाणी ३२ मिलिमीटरच्या पाइपात घातले, तर वेग १.९ मीटरवर जातो. ओढणीच्या बाजूला दीड मीटरच्या पुढे जाऊ नये, असा संकेत आहे. घर्षण तर वेगापेक्षाही झपाट्याने वाढते. ३० मीटर लांबीत जाड पाइप सुमारे अर्धा मीटर दाब खातो, बारीक पाइप चार मीटरहून अधिक.

फिल्टर, वळणे, व्हॉल्व्ह धरून एकूण ८ मीटर दाब लागतो असे मानू. प्रत्यक्ष पाणी ढकलायला ९५ वॉटच पुरतात. पण छोट्या पंपांची कार्यक्षमता ३५-४० टक्के असल्याने अडीचशे वॉट लागतात. तापलेले पॅनेल छापील क्षमता देत नाही, म्हणून ५०० वॉटचे पॅनेल धरावे. बारीक पाइप टाकला, तर हाच हिशेब जवळपास दीडपट होतो. काटकसर टाइल्समध्ये करावी, पाइपात नाही.

पंप पाण्याच्या पातळीखाली बसवता आला तर उत्तम. त्यात आपोआप पाणी भरलेले राहते. वर बसवावा लागला, तर ओढणीच्या एखाद्या ढिल्या सांध्यातून हवा शिरते आणि पंप कोरडा फिरतो. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि कॉक हवेतच. माती लोटण्यापूर्वी पाइपात दाबाने पाणी भरून दिवसभर ठेवावे आणि प्रत्येक वळणाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

फिल्टर वाळूचा की कार्ट्रिजचा?

दुकानदार बहुधा वाळूचा सुचवतो आणि ‘मोठाच घ्या’ म्हणतो. सौर पंपावर हा सल्ला उलटतो. वाळू धुण्यासाठी पाणी उलट दिशेने जोरात सोडावे लागते. ४०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरला त्यासाठी तासाला साडेचार-पाच हजार लिटरचा प्रवाह लागतो. भर दुपारी तो कसाबसा मिळेल. ५०० मिलिमीटरच्या फिल्टरला मात्र सात-आठ हजार लिटर लागतात आणि तेवढा जोर या पंपात नाही. वाळू धुतलीच जात नाही, आत चिखलाचे गोळे बनतात. शिवाय प्रत्येक धुण्यात दोन-अडीचशे लिटर पाणी वाहून जाते.

कार्ट्रिज फिल्टरला उलटा प्रवाह लागत नाही, दाबही कमी लागतो. तो काढून नळीखाली धुवायचा, इतकेच. काही काळाने आतला भाग बदलण्याचा खर्च येतो. तरीही वीज आणि पाणी दोन्ही मोजून वापरायचे असेल, तर हाच पर्याय शहाणपणाचा. पाने आधीच अडवणारा स्किमर वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वाऱ्याने कचरा जिथे जमतो त्या काठाला बसवावा.

तळाची जाळी जीवघेणी कशी ठरते?

तळाला एकच ओढणी आणि तिच्यावर सपाट जाळी असेल, तर लहान मुलाचे अंग किंवा केस तिथे चिकटतात आणि पंपाच्या ओढीपुढे मोठ्या माणसाचीही ताकद कमी पडू शकते. अमेरिकेत २००२ मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर या सात वर्षांच्या मुलीचा असाच मृत्यू झाला. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या नावाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि तिथे सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या बंधनकारक झाल्या. घरगुती तलावातही दोन ओढण्या, एकमेकींपासून किमान ९० सेंटिमीटर अंतरावर, एकाच पाइपाला जोडाव्यात. त्यांच्यामध्ये कॉक ठेवू नये. एक बंद झाली की दुसरीवर सगळा जोर येतो. आणि प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यातच पोहण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. त्याच्या निसरड्या उतारावरून वर चढता न आल्याने माणसे बुडतात.

क्लोरीन केव्हा टाकायचा?

फिल्टर गाळतो, जंतू मारत नाही. क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राहायला हवा, पीएच ७.२ ते ७.८. या तलावात २ मिलिग्रॅमसाठी साधारण १३० ते १४० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. ती आधी बादलीभर पाण्यात कालवून वरचे निवळ पाणी ओतावे. दुपारी टाकलेला क्लोरीन उन्हाने उडून जातो, रात्री टाकला तर पंप बंद. म्हणून ऊन उतरताना, पंपाचा शेवटचा तासभर उरलेला असताना टाकणे सोयीचे. ब्लीचिंग पावडर आणि तलावासाठी मिळणाऱ्या ट्रायक्लोर गोळ्या एकाच डब्यात किंवा भांड्यात कधीही एकत्र करू नयेत. स्फोट होऊ शकतो.

पावसाळ्यात काय?

पॅनेल मंदावते, पाऊस क्लोरीन पातळ करतो. मुळशी-कर्जतकडे दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस नवीन नाही. तेवढ्या पावसात या तलावात १,८०० लिटर पाणी थेट पडते. त्यासाठी पंपाशिवाय, उताराने वाहणारा सांडवा पाइप बांधकामातच ठेवावा. ‘चार महिने वापर नाही, रिकामा करून ठेवू’ हा मोह मात्र टाळावा. भूजल वर आले की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि तडकते. भरलेल्या पाण्याचे वजनच तिला जागेवर धरून ठेवते.