अंगावर पाण्याचे फोड का येतात? त्वचेच्या पेशींची पकड आणि पेम्फिगॉइड

नवी चप्पल चावली की टाचेला फोड येतो. घासल्यामुळे कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या जागेत पाणी भरते. पण काही वयस्कर लोकांच्या मांड्यांवर, पोटावर, हातांवर काहीही न घासता, न भाजता असे मोठमोठे फोड येतात. हे का होते, ते कळण्यासाठी आधी आपली कातडी एरवी सुटत का नाही, ते पाहू.

त्वचेचे मुख्य थर दोन. वरची बाह्यत्वचा ही एकावर एक रचलेल्या पेशींची असते. खालची अंतस्त्वचा म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या जाड तंतूंचे जाळे, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. या दोन्हींच्या मध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला आधारपटल म्हणतात. बाह्यत्वचेची सगळ्यात खालची पेशींची रांग या पटलाला घट्ट धरून बसलेली असते.

गोधडी आठवा. वरचे आणि खालचे कापड नुसते एकमेकांवर ठेवले तर सरकेल. टाके असतात म्हणून ते एकत्र राहते. त्वचेतल्या या टाक्यांना हेमिडेस्मोसोम म्हणतात. टाक्याचे एक टोक पेशीच्या आत केराटिनच्या दोऱ्यांना बांधलेले असते. तिथून इंटेग्रिन आणि कोलॅजेन-१७ ही प्रथिने पेशीच्या आवरणातून आरपार बाहेर येतात आणि पटलातल्या लॅमिनिन या प्रथिनाला धरतात. पटलाच्या खालच्या बाजूने कोलॅजेन-७ चे तंतू निघतात आणि अंतस्त्वचेतल्या जाड तंतूंत अडकून बसतात. म्हणजे आतल्या दोऱ्यापासून खालच्या जाळ्यापर्यंत ही एक सलग साखळी आहे. तिची एखादी कडी तुटली तरी थर सुटतात.

ही पकड कायमची चिकटवलेली नसते. कापले की जखमेच्या कडेच्या पेशी आपली पकड सैल करतात, सरकत सरकत उघडी जागा झाकतात आणि पुन्हा पटलाला धरतात. शिवाय पकडीतून पेशीला जगण्याचा संकेतही मिळतो. आधार सुटलेली निरोगी पेशी बहुधा स्वतःहून मरते. कर्करोगाच्या पेशी मात्र आधाराशिवाय तग धरायला शिकतात, म्हणून त्या दूरवर पसरू शकतात. तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

शरीरच टाके उसवते तेव्हा

बुलस पेम्फिगॉइड या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा चुकून याच टाक्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्यांचे मुख्य लक्ष्य कोलॅजेन-१७. याचेच दुसरे नाव बीपी-१८०. (रिपोर्टवर हे वाचून घाबरू नका, रक्तदाबाशी त्याचा काही संबंध नाही.) प्रतिपिंडे चिकटली की तिथे पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्यातून निघालेली विकरे टाके तोडतात आणि थरांमध्ये पाणी साठते. फोडाच्या छतात बाह्यत्वचेची पूर्ण जाडी असते, म्हणून हे फोड टणक, ताणलेले असतात आणि लगेच फुटत नाहीत.

पेम्फिगस हा नावाने जवळचा पण वेगळा आजार. त्यात पेशींची खालच्या पटलावरची पकड नाही, तर एकमेकींशी असलेली पकड सुटते. फोड लिबलिबीत असतात, चटकन फुटतात, आणि बऱ्याचदा सुरुवात तोंडातल्या न भरणाऱ्या जखमांनी होते. भारतात पेम्फिगस जास्त दिसतो आणि तो तुलनेने तरुण वयातही होतो. दोन्हींचे उपचार आणि धोके वेगळे आहेत. १९५३ मध्ये वॉल्टर लीव्हर यांनी ते वेगळे दाखवेपर्यंत डॉक्टरही त्यांना एकच समजत असत.

पेम्फिगॉइड बहुतेक वेळा साठीनंतर होतो. फोड येण्याआधी कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने नुसती खाज सुटते, अंगावर लाल चट्टे येतात. याच काळात खरूज, पित्त, ॲलर्जी, 'उष्णता' अशा नावांखाली उपचार होत राहतात. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला झोप उडवणारी खाज असेल आणि ती नेहमीच्या औषधांनी थांबत नसेल, तर फोडांची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पक्षाघात, पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो. असे रुग्ण खाज नीट सांगूही शकत नाहीत, तेव्हा अंगावरचे ओरखडे तुम्हीच पाहायला हवेत.

मधुमेहाच्या गोळ्या तपासा

ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचा, त्यातही व्हिल्डाग्लिप्टिनचा, या आजाराशी संबंध दिसून आला आहे. आपल्याकडे ही गोळी अनेक मधुमेही घेतात, आणि बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत, त्यामुळे नाव लक्षात येत नाही. पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा. फोड गोळी सुरू केल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही येऊ शकतात, म्हणून 'ही तर जुनीच गोळी आहे' असे म्हणून ती बाजूला काढू नका. ग्लिप्टिन घेणाऱ्या बहुतेकांना हा त्रास कधीच होत नाही, तेव्हा हे वाचून गोळी परस्पर बंदही करू नका. फोड किंवा न थांबणारी खाज असेल तर डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा. ते दुसरी देऊ शकतात.

निदानासाठी त्वचेचे दोन छोटे तुकडे घेतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मेलिनमध्ये जातो. दुसरा फोडाच्या शेजारच्या, वरून साध्या दिसणाऱ्या त्वचेचा. त्यावर इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी होते आणि पटलाच्या रेषेवर चिकटलेली प्रतिपिंडे चमकताना दिसतात. हा दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला तर तपासणी वाया जाते. नमुना दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर तो कशात ठेवला आहे, हे विचारायला संकोच करू नका.

उपचारात तीव्र स्टेरॉइड मलमाला मोठे स्थान आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात, आजार खूप पसरलेल्या रुग्णांपैकी अंगभर क्लोबेटासोल मलम लावणारे रुग्ण स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने जगले. त्यात मलम सुरुवातीला दिवसाला ४० ग्रॅम लागत होते, म्हणजे बोटाच्या टोकावर घेऊन चोळण्याची ही गोष्ट नव्हे. याचा अर्थ दुकानातून मलम आणून स्वतःच लावावे असा मात्र नाही. प्रमाण आणि मुदत डॉक्टरच ठरवतील. काहींना डॉक्सिसायक्लिन देतात, काहींना स्टेरॉइडच्या गोळ्या लागतातच. त्या गोळ्यांनी साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तरीही त्या अचानक बंद करणे धोक्याचे असते. उपचार अनेक महिने, कधी वर्षेही चालतात, आणि आजार परत उलटू शकतो.

मुलांमधला जन्मजात प्रकार

काही बाळांमध्ये टाक्याचे एखादे प्रथिन जनुकातल्या दोषामुळे नीट बनतच नाही. याला एपिडर्मोलिसिस बुलोसा म्हणतात. नुसते उचलून घेतले तरी कातडी सुटते. २०१७ मध्ये जर्मनीतल्या अशाच एका सात वर्षांच्या मुलाच्या उपचारांची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्याच पेशींमधला लॅमिनिनचा दोष दुरुस्त करून प्रयोगशाळेत त्वचा वाढवली आणि अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर लावली. ती टिकली. हा उपचार अजून सरसकट मिळत नाही.

घरी काळजी घेताना फोडाचे छत कापू नका, ते खालच्या उघड्या त्वचेचे रक्षण करते. मोठा, दुखणारा फोड दवाखान्यात निर्जंतुक सुईने रिकामा करून घ्या. हळद, राख, टूथपेस्ट काही लावू नका. चिकटपट्टी थेट त्वचेवर नको, काढताना नवी साल निघते. कपडे सैल, सुती असू द्या. पेम्फिगॉइड संसर्गजन्य नाही, आजोबांजवळ नातवंडांना खुशाल बसू द्या. ताप आला, जखमांतून पू येऊ लागला, भोवतीची त्वचा लाल व गरम झाली, किंवा रुग्ण खाणेपिणे सोडून गुंगीत राहू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.