दुकान वाढवलं का?

मांडव्याहून गेटवेला जाणारी दिवसाची शेवटची लाँच सुटली की किहीमच्या सुरूच्या बनात अंधार लवकर दाटतो. व्यापारातून निवृत्त होऊन येथे राहायला आलेल्या मुंबईकर वडिलांच्या घरांत यानंतरची एक वेळ ठरलेली असते. साडेआठ-नऊला काळबादेवीच्या किंवा मशीद बंदरच्या पेढीवर फोन जातो. ‘दुकान वाढवलं का?’ ‘हो पप्पा, आत्ताच.’ ‘उधारी आली?’ ‘थोडी आली.’ ‘बरं, जेवून घे.’ संभाषण मिनिटभरही चालत नाही. यात विचारपूस कोठे आहे, असे बाहेरच्याला वाटेल. परंतु ज्या घरात तीन पिढ्या एकाच गादीवर बसल्या, तेथे भाव आणि उधारी हीच मायेची भाषा होऊन बसलेली असते. ‘तू बरा आहेस ना?’ हे शब्द जड वाटतात, ‘उधारी आली?’ हे सहज तोंडातून जाते.

किहीम मुंबईपासून लांब नाही. समुद्राने तासाभराचा प्रवास, पण रस्त्याने पेण-वडखळ फिरून अर्धा दिवस मोडतो. पावसाळ्यात प्रवासी लाँच बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास येणारी रो-रो नौका २०२० साली सुरू झाली आणि अंतर पुष्कळ कमी झाले, तरी आषाढ-श्रावणात मुलगा आणि वडील यांच्यामधला खरा पूल फोनच राहतो.

दूरध्वनीच्या आरंभकाळातच एक वडील आणि एक मुलगा उभे आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १० ऑगस्ट १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने कॅनडातील पॅरिस नावाच्या लहान गावात यंत्र कानाला लावले. सुमारे १३ किलोमीटरवरच्या ब्रँटफर्डहून बोलणाऱ्यांत त्याचे वडील आणि काका होते. हे अंतर गेटवे-मांडवा अंतराहूनही कमीच. त्या दिवशी आवाज एकाच दिशेने जात होता. वडील बोलत होते, मुलगा नुसता ऐकत होता. त्याला काही कळवायचे झाले तर तारेने कळवावे लागे. ही व्यवस्था अनेक घरांत आजही बदललेली नाही, असे एखादी सून हसून म्हणेल.

मुंबईत पहिले टेलिफोन एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाले. कोकणातल्या गावांना मात्र पुढे कित्येक वर्षे पोस्टाचाच आधार होता. १९३० साली नोकरी गेल्यावर डॉ. सलीम अली पत्नीसह किहीमला येऊन राहिले आणि येथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा प्रसिद्ध अभ्यास केला. (सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो आणि तेथून साद घालतो, मादीने ते पसंत केले तरच पुढचे विणतो. पिल्लांना भरवण्याचे काम पुष्कळसे मादीकडेच राहते. आपल्याकडे बापाच्या वाट्याला आलेली भूमिका याहून फार निराळी नाही.)

ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटरकडे नंबर नोंदवून तासन्‌तास बसावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे तीन दर होते; लाइटनिंगचा दर साध्याच्या आठपट. पेढीवर लाइटनिंग कॉल आला की हातातली फूटपट्टी खाली पडे, कारण तो एकतर बाजार कोसळल्याचा असे, नाहीतर घरातल्या कोणाच्या अखेरीचा. ऑपरेटरने तीन मिनिटे झाल्याचे सांगितले की वडील वाक्य अर्धे टाकून देत. ‘ठेवतो’ हा शब्द त्या पिढीच्या जिभेवर इतका बसला, की आज बोलण्याला फारसे पैसे पडत नाहीत तरी त्यांचा हात लाल बटणाकडे जातो. पुढे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागे म्हणून वसतिगृहातली मुले बूथसमोर रांग लावत, आणि वडील त्या वेळेपर्यंत जागे राहत. १९९५ साली मोबाइल आला, तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली ते थांबले, पण तोवर ‘मिस कॉल’ हा स्वतंत्र व्यवहार रुजला होता. एक रिंग म्हणजे पोचलो; दोन म्हणजे तू कर. एक शब्द न बोलता काळजी मिटत असे.

परदेशातल्या घरांत फोनवर निरोप रेकॉर्ड करून ठेवण्याची जी सोय असे, ती आपल्याकडे कधी रुजली नाही. यंत्राशी काय बोलायचे, असे वडिलांना वाटे. २०१३ साली व्हॉट्सअॅपवर आवाजाचा निरोप पाठवता येऊ लागला आणि हा संकोच एकदम सुटला. टाइप करण्यास चष्मा लागतो, बोलण्यास लागत नाही. ज्यांनी आयुष्यभर फोन मिनिटात ठेवला, ते वडील व्हरांड्यात बसून चार-चार मिनिटांचे निरोप पाठवू लागले. त्यात शहाळ्याचा भाव असतो, गुडघा असतो, कोठल्याशा जुन्या भागीदाराची आठवण असते. मागे समुद्राची गाज आणि आईचे ‘त्याला हे पण सांगा’ असते. समोर कोणी नसल्यामुळे वडील प्रथमच मोकळे बोलतात.

आणि मुलगा ते दुप्पट वेगाने ऐकतो. ही सोय २०२१ साली आली. गिऱ्हाईक समोर, जीएसटीचा दिवस, आणि वडिलांचा थांबत-थांबत येणारा आवाज चिमणीसारखा किलबिलत संपतो. दोष कोणाचा म्हणावा? त्या वेगात शब्द सगळे पोचतात. जाते ती दोन वाक्यांमधली थांबण्याची जागा. आवाज थरथरला की नाही, श्वास लागतो आहे का, हे त्या जागेतच कळते.

एडिसनने १८७८ साली आपल्या फोनोग्राफचे उपयोग लिहिले, त्यांत कुटुंबातील माणसांचे आवाज आणि अखेरचे शब्द जपून ठेवणे हाही एक होता. ती इच्छा आज प्रत्येकाच्या खिशात पुरी झाली आहे, तरी हँडसेट बदलताना, ‘जागा भरली’ अशी सूचना आली म्हणून, हे आवाज शुभप्रभातच्या चित्रांबरोबर पुसले जातात. वडील गेल्यानंतर जुना निरोप शोधणारी आणि न सापडणारी मुले थोडी नसावीत. जपानमध्ये ओत्सुची येथे एका गृहस्थाने २०१० साली बागेत तार नसलेला फोन ठेवला; २०११ च्या त्सुनामीनंतर हजारो लोक तेथे येऊन गेलेल्यांशी बोलू लागले. त्यांना पलीकडून काहीच ऐकू येत नाही.

आपल्या घरांत वर्षातून एक फोन तरी व्यवहाराचा नसतो. संवत्सरीच्या सायंकाळी प्रतिक्रमण आटोपले की ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याचा. पूर्वी त्यासाठी पत्रे जात. आता कमळाच्या चित्राचा एकच संदेश दोनशे जणांना एकाच वेळी जातो आणि त्या दोनशेंत वडीलही असतात. वर्षभरात वाटणीवरून, नव्या फर्मच्या नावावरून, मुलीने निवडलेल्या स्थळावरून जे बोलले गेले, ते त्या कमळाखाली तसेच राहते. याउलट ज्या घरात त्या दिवशी फोन लागतो, तेथे प्रथम दोन्हीकडे शांतता असते. मग वडीलच आधी म्हणतात, कारण लहानाने आधी म्हणावे हा हट्ट त्यांनी तेवढ्यापुरता सोडलेला असतो. मुलाला ‘मलाही’ एवढेच जमते. त्यानंतर बराच वेळ कोणी ‘ठेवतो’ म्हणत नाही.

संवत्सरी येते तेव्हा पाऊस उतरणीला लागलेला असतो आणि मांडव्याच्या लाँच पुन्हा सुरू होण्याच्या बेतात असतात. फोन ठेवण्यापूर्वी वडील सांगतात, रविवारची पहिली लाँच पकड, आणि येताना पेढीवरचा माझा जुना चष्मा घेऊन ये.